बिअर घातलेलं मटण कडू का होतं? आखाडाआधी वाचून ठेवा

आखाड लागला की सांगली-मिरजेच्या आसपास मळ्यामळ्यात चुली पेटतात, आणि मला दरवर्षी दोन-तीन फोन ठरलेले असतात. "मटणात बिअर घातली, आता कडू लागतंय, काय करू?" फोन येतो तेव्हा पातेलं उतरलेलं असतं, ताटं मांडलेली असतात. त्या वेळी करण्यासारखं फारसं उरत नाही. म्हणून हे आधीच लिहून ठेवतोय.

मी स्वतः पहिल्यांदा केलं तेव्हा किलोभर मटणात ६५० मिलीची अख्खी बाटली ओतली होती. वर झाकण, झाकणात पाणी, घरी नेहमी करतो तसंच. मामांनी दोन घास खाल्ले, वाटी हळूच बाजूला सारली आणि भाकरीवर दही मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मटण चांगलं शिजलं होतं हं." रश्श्याबद्दल आजतागायत एक शब्द नाही.

खालची मापं १ किलो बोकडाच्या मटणाची, सहा माणसांची आहेत. चिकन, घेवडा आणि भजी यांचं गणित वेगळं आहे, ते शेवटी दिलंय.

## आधी हे डोक्यात बसवा

बिअर उकळायला लागली की गॅस काही मिनिटांत निघून जातो. पाणी आटत राहतं. दारू हळूहळू कमी होते. कडूपणा मात्र जागचा हलत नाही. तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांतून आलेला असतो आणि वाफेबरोबर जात नाही. उलट पाव लिटर बिअर आटून ६० मिली राहिली, तर तोच कडूपणा चौपट दाट झालेला असतो.

त्यामुळे "अजून थोडं उकळू दे, जाईल कडूपणा" हा सल्ला साफ उलटा आहे. मीठ मोजून घालतो तशी बिअर मोजून घालायची.

## टप्पा १: बाटली निवडणं

बिअर शॉपीत गेल्यावर लेबलवर दारूचं प्रमाण वाचा. माइल्ड म्हणजे साधारण ५ टक्क्यांच्या आतबाहेर, स्ट्राँग ८ टक्क्यांपर्यंत. स्वयंपाकाला माइल्ड घ्या. स्ट्राँगमध्ये दारू जास्त, तिचा झोंबरा वास जायला वेळ जास्त, आणि तेवढा वेळ आटवत बसलात की वरचं गणित आडवं येतं.

गव्हाची बिअर मिळाली तर उत्तम, ती बहुतेकदा कमी कडू असते. आयपीए लिहिलेला कॅन प्यायला कितीही भारी असला तरी पातेल्यापासून लांब ठेवा, त्यात हॉप्सचाच मारा असतो. काळी बिअर भाजलेल्या खोबऱ्याशी छान जमते, पण ती भाजलेल्या सातूची असते आणि तिला कॉफीसारखा स्वतःचा कडूपणा असतो. किलोला १५० मिलीच्या वर नको.

हिरवी किंवा पांढरी बाटली दुकानाच्या दारात उन्हात पडलेली असेल तर घेऊ नका. उजेडाने हॉप्स बिघडतात आणि एक उग्र, नकोसा वास येतो. तो रश्श्यातही उतरतो. तपकिरी बाटली किंवा कॅन बरा. भरल्याची तारीखही बघा, जितकी ताजी तितकी चांगली. आणि धाकट्या भावाला आणायला पाठवू नका. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं.

## टप्पा २: पाहुण्यांना विचारा, भांडं बघा

"शिजवली की दारू उडून जाते" हे अर्धंच खरं आहे. अमेरिकेच्या शेती खात्याचा एक तक्ता आहे. त्यानुसार पदार्थात मिसळून मंद शिजवल्यावर १५ मिनिटांनी मूळ दारूच्या ४० टक्के उरते, अर्ध्या तासाने ३५, तासाने २५, दीड तासाने २०, आणि अडीच तासांनीही ५ टक्के.

आपल्या पातेल्याचा हिशेब करू. २५० मिली माइल्ड बिअरमध्ये दारू १२.५ मिली. दीड तासाने अंदाजे अडीच मिली, तीही सहा माणसांत. नशा व्हायचा प्रश्नच नाही. पण शून्य नाही, हेही तितकंच खरं. माळकरी, दारू न शिवणारे, लहान मुलं, गरोदर बाई, दारू सोडायची गोळी चालू असलेला माणूस यांच्यासाठी वेगळं पातेलं लावा. त्या गोळीवर तर जेवणातली दारूसुद्धा त्रास देऊ शकते. शिवाय बिअर सातूची, काहींमध्ये गहूही असतो, म्हणून ग्लुटेन न चालणाऱ्यालाही आधी सांगायचं. जेवून झाल्यावर हसत हसत सांगणं हा मला तरी विनोद वाटत नाही.

भांडं जाड बुडाचं स्टीलचं घ्या. मळ्यातल्या पार्टीला हमखास जर्मलचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, मोठं डबरं येतं. बिअर आंबट असते, अशा भांड्यात तासभर शिजली की रश्श्याला धातूची चव येते. पितळी पातेलं असेल तर कल्हई धड आहे का ते आधी तपासा. लोखंडी कढईत कांदा परता खुशाल, बिअर तिथे ओतू नका.

तपासा: मटण, मसाला सगळं घातल्यावर पातेलं निम्म्याच्या वर भरायला नको. बिअर गरम भांड्यात पडली की फेस वर चढतो आणि चुलीत सांडतो.

## टप्पा ३: बिअर मोजा, बसवा, चाखा

मापाने २५० मिली काढून उघड्या तांब्यात अर्धा तास ठेवा. मधे दोनदा चमच्याने हलवा. गॅस निघून जाईल आणि ओतताना फेस कमी येईल. रश्श्यासाठी गॅसचा काही उपयोग नाही, त्यामुळे आदल्या रात्रीची उघडी राहिलेली बिअरसुद्धा इथे चालते.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी कुणीच करत नाही. फोडणीच्या छोट्या कढल्यात चार चमचे बिअर घ्या आणि मंद आचेवर एक चमचा उरेपर्यंत आटवा. गार करून जिभेवर ठेवा. रश्श्यात उतरणाऱ्या कडूपणाचा हा नमुना. तोंड वाकडं झालं, तर माप २५० वरून १५० वर आणा. थोडा कडू, मागून गोडसर, पावाच्या कडेसारखा लागला तर माप बरोबर आहे. दोन मिनिटांचं काम आहे आणि किलोभर मटण वाचतं.

## टप्पा ४: मटणाला आधी काय लावायचं

हळद, आलं-लसूण आणि निम्मं मीठ, एवढंच. अर्धा-पाऊण तास मुरू द्या.

मटण रात्रभर बिअरमध्ये बुडवून ठेवायची टूम निघालीय. मी दोनदा करून पाहिलं. बिअर वरच्यावरच मुरते, आत फारशी जात नाही, आणि मग ती बिअर फेकायची की घालायची हा प्रश्न उरतो. चिकन निखाऱ्यावर भाजायचं असेल तर दोन तास बिअरमध्ये ठेवायला हरकत नाही. रश्श्याच्या मटणाला गरज नाही.

सावधान: हळद अर्ध्या चमच्याच्या वर नको. सांगलीची हळद दमदार, जास्त झाली की तीही कडवटच लागते. एरवी खपून जातं, बिअरबरोबर खपत नाही.

## टप्पा ५: कांदा आणि वाटण

बिअरच्या कडूपणाला तोलणारा खरा गडी कांदा. चार मध्यम कांदे पातळ उभे चिरून पाच-सहा चमचे तेलात मध्यम आचेवर परता. वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. कांदा गुलाबी झाला की बहुतेकांचा धीर सुटतो. गुलाबी कांद्यात गोडी पुरेशी उतरलेली नसते. गुळाच्या रंगावर यायला हवा. मात्र कडा काळ्या पडल्या तर तो कांदा स्वतःच कडू झाला, काढून टाका.

वाटणाचंही तसंच. पाऊण वाटी सुकं खोबरं किसून मंद आचेवर बदामी भाजा. आपल्याकडे रश्श्याला गडद रंग यावा म्हणून खोबरं जरा जास्तच भाजायची खोड आहे, ती यावेळी आवरा. लसूण करपवू नका. मेथीदाणा, दगडफूल हे कडवट गोतातले मसाले आज घरीच राहू द्यात.

भाजलेलं खोबरं, मूठभर कोथिंबीर आणि परतलेल्यातला एक डावभर कांदा वाटून घ्या. मग छोट्या कढईत दोन चमचे तेलावर हे वाटण परता, तेल सुटल्यावर तीन चमचे कांदा-लसूण मसाला घाला, अर्धा मिनिट हलवा आणि उतरवून बाजूला ठेवा. हे पातेल्यात आत्ता जाणार नाही.

## टप्पा ६: बिअर कधी ओतायची

क्रम असा: परतलेला कांदा, त्यावर मटण, मग बिअर, मग पाणी, मग वाटण. चुका होतात त्या इथेच, म्हणून जरा सावकाश सांगतो.

१. कांद्यावर मटण घालून मोठ्या आचेवर परता. आधी मटणाला पाणी सुटेल. ते पूर्ण आटून कडेला तेल दिसेपर्यंत थांबा, दहा-बारा मिनिटं.

२. आच बारीक करा. चुलीवर असाल तर एक लाकूड बाहेर ओढा. बिअर पातेल्याच्या कडेने, दोन-तीन वेळा थांबत ओता. उलथन्याने बुडाला चिकटलेलं खरवडून घ्या, ते सोनं आहे.

३. झाकण ठेवू नका. झाकणावर पाणी ठेवून मटण शिजवायची आपल्या घराघरांतली रीत एरवी अगदी योग्य, पण या घटकेला घात करते. थंड झाकणाला लागलेली वाफ पुन्हा थेंब होऊन आत पडते आणि दारूचा कच्चा वास आतल्या आत फिरत राहतो. पंधरा मिनिटं पातेलं उघडं, मध्यम उकळी, मधूनमधून ढवळत. बिअरमध्ये साखरेचा अंश असतो, तळाला लागायला वेळ लागत नाही.

४. पंधरा मिनिटांनी पातेल्यावर हाताने वारा घालून वास घ्या. सुरुवातीला नाकाला झोंबेल असा, गोडसर-आंबट वास असतो. तो जाऊन तव्यावर भाकरी पालटताना येतो तसा खमंग वास आला की पुढे जायचं. झोंबतंय तोवर आणखी पाच मिनिटं उघडंच.

५. आता उकळतं पाणी घाला, साधारण ७०० मिली. गार पाणी घालू नका. इथून पुढे झाकण, झाकणात पाणी, सगळं आपल्या रीतीने. मंद आचेवर तासभर. कोवळं बोकड असेल तर थोडं आधी होईल.

तपासा: नळीच्या तुकड्यावरचं मांस बोटाने दाबल्यावर सुटतंय का? सुटत असेल तरच वाटण घाला. वाटण आधी गेलं की रस्सा दाट होतो, तळाला लागतो, आणि लागलेल्या रश्श्याचा कडूपणा बिअरच्या माथी मारला जातो.

६. वाटण-मसाला घालून झाकण अर्धवट ठेवा, वीस मिनिटं मंद उकळू द्या. वर तर्री येईल.

कुकरवाल्यांसाठी: बिअर ओतून लगेच झाकण लावू नका. फेस शिट्टीच्या भोकात चढतो, आणि दारूचा वास बाहेर पडायला वाटही राहत नाही. चौथ्या पायरीपर्यंत सगळं उघड्या कुकरमध्ये करा, पाणी घालून फेस पूर्ण बसला की झाकण लावा. वाटण कुकर उघडल्यावर.

## टप्पा ७: चव लावणं

आधी मीठ, मग गूळ. हा क्रम उलटा केला की रस्सा गुळमट होतो आणि कडू तो कडूच राहतो. मिठाने जिभेला कडूपणा कमी जाणवतो, म्हणून राखून ठेवलेलं निम्मं मीठ थोडं थोडं घालत चाखा. मीठ बरोबर होऊनही शेवटी जिभेच्या मागे कडू रेंगाळत असेल तर सुपारीएवढा गूळ. त्यापेक्षा मोठा खडा लागत असेल तर चूक आधी कुठेतरी झालीय.

लिंबू पिळू नका. बिअरची आंबटी आधीच आत आहे, वर लिंबू पडलं की आंबट आणि कडू दोन्ही टोचायला लागतात. टोमॅटो, दही, कोकम हेही या रश्श्यात नको. ताटात कांद्याबरोबर फोड ठेवा, ज्याला हवं तो घेईल.

पातेलं उतरवल्यावर अर्धा तास तसंच राहू द्या.

## तरीही कडू झालं तर

निम्मा रस्सा काढून घ्या आणि तेवढंच उकळतं पाणी घाला, मटण शिजवलेलं बिनमसाल्याचं अळणी पाणी हाताशी असेल तर तेच. मग खोबऱ्याचं थोडं वाटण आणि मीठ वाढवा. खोबऱ्याच्या तेलकटपणाने कडूपणाची धार बोथट होते. बटाटा टाकला की कडूपणा शोषून घेतो असं सांगणारे भेटतील. बटाटा रस्सा शोषतो, कडूसकट. उरलेला रस्सा तसाच कडू.

काढलेला निम्मा रस्सा फेकू नका, पण वाढूही नका. तो पुढच्या वेळचा धडा म्हणून चाखायला ठेवा.

## चिकन आणि घेवडा, थोडक्यात

ब्रॉयलर चिकन अर्ध्या-पाऊण तासात शिजतं. तेवढ्या वेळात बिअर मुरत नाही. म्हणून किलोला १५० मिलीच, आणि ती चिकन घालण्याआधी कांद्याबरोबर दहा-पंधरा मिनिटं उघडी उकळायची. गावरान कोंबडी मटणासारखी वेळ घेते, तिला मटणाचाच क्रम.

मटण न खाणाऱ्यांसाठी साताऱ्याकडचा, कोरेगावचा वाघ्या घेवडा या चवीला फार छान लागतो. फक्त एक चूक सगळे करतात: भिजवलेला घेवडा बिअरमध्येच शिजायला टाकतात. आंबट पाण्यात कडधान्याचं साल मऊ व्हायला वेळ लागतो. कितीही शिट्ट्या द्या, टणकच. घेवडा साध्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवून घ्या. बिअर वेगळी कांद्यावर उकळून घ्या, वाटीभर घेवड्याला ५० मिली. मग दोन्ही एकत्र.

## भज्यांचं पीठ: इथे सगळं उलटं

रश्श्यात गॅस घालवायचा होता, भज्यांत तोच हवा. त्यामुळे भज्यांसाठी ३३० मिलीचा वेगळा कॅन फ्रीजमध्ये ठेवा आणि तेल तापल्यावरच फोडा.

१. कांदा लांब चिरून मीठ लावा, दहा मिनिटांनी सुटलेलं पाणी पिळून टाका. मरळ मिळाली तर तिचे काटे काढून तुकडे करा, स्वच्छ फडक्याने कोरडे टिपा आणि वर कोरडं पीठ भुरभुरा. ओल्या तुकड्यावर पीठ बसत नाही, कढईत टोपी निघाल्यासारखं सुटून येतं.

२. एक वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, तिखट, ओवा, मीठ कोरडंच एकत्र करा. माशासाठी बेसनाऐवजी मैदा. खायचा सोडा नको. फुलवायचं काम बिअरचा गॅस करतोय, त्यात सोडा पडला की भजी तेल पितात आणि साबणासारखी चव येते.

३. तेल तापलं का बघा. चिमूटभर कोरडं मिश्रण पाण्यात कालवून त्याचा थेंब टाका, तो तळाला जाऊन लगेच वर यायला हवा. थर्मामीटर असेल तर १७५ ते १८० अंश.

४. आता गार बिअर घाला. साधारण १२० मिली लागेल, पीठ चमच्याच्या पाठीवर पातळ साय धरेल इतपत. सात-आठ वेळा फिरवा आणि थांबा. गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. मैद्याचं पीठ घोटत बसलात तर ते चिवट होतं, आणि गॅसही जातो.

५. दहा मिनिटांत तळून संपवा. एका वेळी थोडीच टाका, नाहीतर तेल गार पडतं. पंधरा माणसांची भजी असतील तर कोरडं मिश्रण एकदाच करा, बिअर मात्र घाण्याघाण्याला ताजी घाला.

सावधान: भजी तीन-चार मिनिटांत तळून होतात. तेवढ्यात दारू पूर्ण जात नाही. रश्श्यापेक्षा इथे मुलांची जास्त काळजी घ्यायची. त्यांच्या वाट्याचं पीठ साध्या सोडावॉटरमध्ये भिजवा, तीही तितकीच कुरकुरीत होतात.

## दुसऱ्या दिवशी

शिळा रस्सा सकाळी भाकरीबरोबर जास्त चांगला लागतो, पण तो रात्रभर दाटलेला असतो. तसाच गॅसवर ठेवून उकळला की आणखी आटतो आणि काल न जाणवलेला कडूपणा वर येतो. आधी अर्धी वाटी गरम पाणी घाला, ढवळा, मग मंद आचेवर ठेवा. एक उकळी आली की बंद.